ईएम सर्वेचा नकाशा : लाल म्हणजे खारं आणि निळं म्हणजे गोडं, असं नसतं



मे महिन्यात आमच्या वाडीत ईएम सर्वे झाला, तेव्हापासून फोन सुरू आहेत. "यंत्रानं पाणी दाखवलं का? किती फुटांवर?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. नोंद जरा लांब आहे, थोडं गणितही आहे. पण बोअर मारायच्या विचारात असाल तर शेवटपर्यंत वाचा. बोअरला लागणाऱ्या पैशापुढे ही पंधरा मिनिटं काहीच नाहीत.

सरळ उत्तर आधी देतो. यंत्रानं पाणी दाखवलं नाही. कुठलंही ईएम यंत्र पाणी दाखवत नाही. जमिनीतून वीज किती सहज वाहते, तेवढंच ते सांगतं. त्यावरून आत काय आहे हे गणितानं काढावं लागतं, आणि त्या गणिताला एकापेक्षा जास्त उत्तरं असतात. आमच्या घरात महिनाभर जी चर्चा चालली ती याच मुद्द्यावर.

बोर्डी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला सुरूची झाडं. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की नुसता चिखल आणि वाळू दिसत राहते. पूर्वेला घोलवड स्टेशन, रेल्वे, त्यापलीकडे अस्वालीचं धरण आणि बारडाचा डोंगर. मधल्या पट्ट्यात चिकूच्या वाड्या. जमिनीखाली मूळ खडक काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. त्यावर कुठे मुरूम, कुठे वाळू, कुठे खाडीनं आणून टाकलेला चिखल. पन्नास पावलांवर माती बदलते. एका विहिरीचं पाणी पिण्यासारखं आणि शेजारच्या विहिरीचं मे महिन्यात मचूळ, हे आपल्याकडे नवीन नाही.

चिकू खारटपणा बऱ्यापैकी सोसतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पानांची टोकं करपायला लागली आणि फळ बारीक राहिलं की मग लक्ष जातं. आमच्या खालच्या अंगाला दोन-तीन ओळींत हेच दिसत होतं. भावाचं म्हणणं, विहिरीचं पाणी खारावतंय, दोनशे फूट बोअर मारू. पुतण्याचं म्हणणं, आधी सर्वे करून घेऊ. एका महाविद्यालयाचे विद्यार्थी अभ्यासासाठी किनारपट्टीवर मोजणी करत होते, त्यांना आम्ही वाडीत बोलावलं.

यंत्र काय करतं

आपल्याकडे पाणाड्या नारळ घेऊन फिरतो ते सगळ्यांनी पाहिलंय. चार खुंट्या ठोकून करंट सोडणारा मीटरही बऱ्याच जणांनी पाहिलाय. ईएममध्ये खुंट्या नसतात. एका लांबट पट्टीच्या दोन टोकांना दोन कॉइल असतात. पहिल्या कॉइलमधून उलटसुलट होणारा करंट जातो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते जमिनीत शिरतं. जमीन जितकी वाहक तितके तिच्यात जास्त भोवरे उठतात. पाण्यातले नाहीत, करंटचे भोवरे. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं बारीकसं चुंबकीय क्षेत्र वर येतं, ते दुसरी कॉइल पकडते. त्यावरून पडद्यावर आकडा उमटतो, मिलिसीमेन्स प्रति मीटरमध्ये. हातात धरून चालत जायचं, खणायचं काही नाही.

किती खोलचं कळतं हे मुख्यतः दोन कॉइलमधल्या अंतरावर ठरतं. एक मीटर अंतराचं यंत्र उभं धरलं तर साधारण दीड मीटरपर्यंतचं, कुशीवर आडवं ठेवलं तर पाऊण मीटरपर्यंतचं. म्हणजे मुळांचा थर. विहिरीच्या खोलीचं पाहायचं तर कॉइल सुट्या असलेलं, दोन माणसांनी धरून चालायचं यंत्र लागतं. त्यात अंतर १०, २० किंवा ४० मीटर ठेवतात. आमच्याकडे दोन्ही प्रकार वापरले.

आता महत्त्वाची गोष्ट. यंत्र त्या जागेचा जो आकडा देतं तो सगळ्या थरांचा मिळून एकच असतो. आमटी चाखली की खारट आहे हे कळतं. पण मीठ जास्त पडलं, की आत टाकलेल्या सुक्या बोंबलाचा खारटपणा उतरला, हे एका घोटात सांगता येत नाही. जमिनीचंही तसंच. आकडा वाढतो तो खाऱ्या पाण्यानं, तसाच चिकणमातीनं आणि नुसत्या ओलीनंसुद्धा. उन्हानंही वाढतो. माती एक अंश तापली की वाहकता साधारण दोन टक्के वाढते, म्हणून सगळे आकडे २५ अंश सेल्सिअसवर आणून मगच तुलना करतात.

सुलट गणित आणि उलट गणित

जमिनीत कुठला थर किती जाड आणि किती वाहक हे माहीत असेल, तर यंत्र काय आकडा दाखवेल ते काढता येतं. हे सुलट गणित. कॅनडातल्या जिऑनिक्स कंपनीच्या जे. डी. मॅकनील यांनी १९८० साली यासाठी सोपी सूत्रं मांडली, ती आजही शिकवतात. आपल्याला पाहिजे ते मात्र उलटं. आकडा हातात आहे, थर काढायचेत. याला इन्व्हर्जन म्हणतात. मी उलट गणित म्हणतो.

विद्यार्थ्यांतल्या एका मुलीनं हे मला ओट्यावर बसून कागदावर करून दाखवलं. तेच इथे देतो, कारण मला समजलं ते त्या कागदामुळेच.

समजा वरचा थर अर्ध्या मीटरचा, वाहकता ५०. त्याखाली सगळं १५०. एक मीटरचं यंत्र उभं धरलं तर त्या सूत्रानुसार वरच्या अर्ध्या मीटरचा वाटा सुमारे २९ टक्के आणि खालच्याचा ७१ टक्के. कुशीवर ठेवलं तर वरच्याचा ५९ आणि खालच्याचा ४१ टक्के. गुणाकार-बेरीज केली की उभ्याचा आकडा सुमारे १२१ येतो, आडव्याचा सुमारे ९१.

आता उलटं जाऊ. तुमच्याकडे फक्त १२१ आणि ९१ हे दोन आकडे आहेत. थराची सीमा अर्ध्या मीटरवर आहे हे माहीत असेल तर दोन समीकरणं, दोन अज्ञात, उत्तर बरोबर ५० आणि १५० येतं. पण सीमा कुठे आहे हे कोणी सांगितलं? ती एक मीटरवर धरून पाहा. मग वरचा थर सुमारे ५९ आणि खालचा सुमारे १९७ येतो. या जमिनीवर यंत्र ठेवलं तरी तेच दाखवेल, १२१ आणि ९१.

दोन वेगळ्या जमिनी, पण यंत्राला दोन्ही एकसारख्याच दिसतात. यंत्र बिघडलेलं नाही, गणितही चुकलेलं नाही. आकडेच कमी आहेत. जास्त आकडे मिळवायचे तर कॉइलचं अंतर बदलायचं, यंत्र कमरेएवढं उचलून पुन्हा मोजायचं. त्यानं फरक पडतो, पण शंका पूर्ण जात नाही.

संगणक हेच काम हजारो वेळा करतो. आधी एक अंदाजी जमीन धरतो, यंत्रानं काय दाखवायला हवं ते काढतो, प्रत्यक्ष आकड्याशी ताडतो, फरक पडला की थर थोडे बदलतो, पुन्हा ताडतो. फरक मोजणीच्या चुकीएवढा उरला की थांबतो. पण एवढ्यावर सोडलं तर तो काहीही वेडंवाकडं चित्र काढून आकडे जुळवेल. म्हणून त्याला एक अट घालतात: शेजारशेजारच्या जागांत आणि थरांत उगाच मोठी उडी नको. या अटीमुळे चित्र गुळगुळीत येतं. प्रत्यक्ष जमिनीत मुरूम संपून पाषाण लागतो तो एकदम लागतो, नकाशात मात्र तो हळूहळू रंग बदलत येतो. ती गुळगुळीत छटा तुमच्या जमिनीची नसते, घातलेल्या अटीची असते. हे लक्षात ठेवा.

आपल्या भागाला उलट गणित तसं अनोळखी नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी, तलासरीकडे धक्के बसायला लागले, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं, म्हणजे एनजीआरआयनं, ठिकठिकाणी भूकंपमापक बसवले. लाट कुठल्या ठिकाणी किती सेकंदांनी पोचली यावरून धक्का जमिनीत कुठे आणि किती खोल उगम पावला ते काढतात. वरच्या नोंदीवरून आतलं शोधायचं, तीच जात. आणि तिथेही मापक कमी असतील तर जागा बरी कळते, खोली नीट कळत नाही.

नागपूरला हेलिकॉप्टरनं झालेलं काम

हे फक्त हौशी काम नाही, हे कळावं म्हणून सांगतो. २०१३ च्या आसपास केंद्रीय भूजल मंडळ आणि एनजीआरआय यांनी देशात सहा ठिकाणी हेलिकॉप्टरला मोठी चौकट टांगून असा सर्वे केला. बिहार, राजस्थान, कर्नाटक, तामिळनाडू आणि आपल्या महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागा पाणलोट क्षेत्र. डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठाचं साहाय्य होतं. त्या पद्धतीत चौकटीतला करंट झटकन तोडतात आणि जमिनीतले भोवरे किती वेगानं विझतात ते सेकंदाच्या अगदी बारीक भागात मोजतात. लवकरचं मोजमाप वरच्या थराचं, उशिराचं खोलचं. त्यातून अनुकूल ठिकाणी शेकडो फूट खोलचं चित्र मिळतं.

पण तिथेही नुसत्या उड्डाणावर भागवलं नाही. जमिनीवरच्या मोजण्या आणि बोअरच्या नोंदी यांच्याशी ताडून मग थरांना नावं दिली. एवढी मोठी यंत्रणा असून त्यांना खालची नोंद लागते, तर आपल्या वाडीत ती नको कशी?

आमचा नकाशा आणि घरातला वाद

आठ दिवसांनी नकाशा आला. लाल म्हणजे जास्त वाहक, निळा म्हणजे कमी. खालच्या अंगाला, खाजणाच्या बाजूला मोठा लाल पट्टा. मधोमध, जुन्या डबक्याजवळ दुसरा लाल ठिपका, रंग अगदी तसाच. वरच्या अंगाला, रस्त्याकडे, छान निळा.

पुतण्या म्हणाला, "काका, लाल म्हणजे खारं. निळ्यात गोडं पाणी. निळ्यातच बोअर मारायची." भावाला ते पटलं. बोअरवाल्याचा फोन नंबर निघालासुद्धा. डबक्याजवळची सहा झाडं काढून तिथे शेड टाकायची, असंही बोलणं झालं, कारण "तिथे खारं आलंय".

मी म्हटलं, आधी तीन ठिकाणी हातानं गिरमिट मारून बघू. दोन माणसं, एक दिवस, चहा-नाश्ता, एवढाच खर्च.

पहिलं भोक खालच्या लाल पट्ट्यात. दीड मीटरच्या आत काळानिळा गाळ, शिंपल्यांचे तुकडे, कुजका वास. भोकात साचलेल्या पाण्यात ईसीचा पेन बुडवला तर आकडा ८ च्या वर, डेसीसीमेन्स प्रति मीटर. इथे खारं पाणीच आहे. नकाशा बरोबर.

दुसरं भोक डबक्याजवळच्या लालमध्ये. चिकट, तपकिरी, हाताला चिकटणारी माती. शिंपला नाही, वास नाही. पाण्याची ईसी १.२. हे खारं पाणी नव्हे. ही चिकणमाती आहे आणि ओली आहे, म्हणून रंग लाल. झाडांची पानं तिथे पिवळी होती ती मुळाशी पाणी तुंबून. त्यावर उपाय चर काढायचा, झाडं काढायचा नाही.

तिसरं भोक निळ्यात. सव्वा मीटरवर मुरूम, दोन मीटरच्या आत गिरमिट खणखणलं. पाषाण. भोक कोरडं. निळा रंग गोड्या पाण्याचा असू शकतो, तसा कोरड्या कातळाचाही असतो. आमच्याकडे वरच्या दोन मीटरात तरी तो कातळाचा निघाला. त्याच्या खाली भेगांत पाणी असेलही. पण निळा रंग पाहून ते सांगता येत नाही.

हे तीन आकडे आणि थरांच्या खोल्या त्या मुलांना पाठवल्या. त्यांनी त्या खोल्या पक्क्या धरून गणित पुन्हा चालवलं. नकाशा बदलला. डबक्याजवळचा लाल फिका झाला, खालच्या पट्ट्याची कड विहिरीपासून थोडी लांब सरकली. वर कागदावर दाखवलेलं ५०-१५० की ५९-१९७ हे कोडं असंच सुटतं. एक भोक मारलं की निम्म्या शंका जातात.

मग बोअरचं काय?

आमच्या नकाशावर साधारण २५ मीटरवर एक तुटक रेघ होती. त्याखालचा रंग फिका ठेवलेला. विचारलं तर कळलं, त्या रेघेखाली यंत्राचा आकडा पोचतच नाही, तिथे जे दिसतं ते संगणकाच्या अटीमुळे भरलेलं असतं. आणि बोअर मारायची होती दोनशे फूट, म्हणजे ६१ मीटर. ज्या खोलीवर पैसे ओतायचे, तिथे नकाशा गप्प होता. दुसरं म्हणजे, २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटर किंवा जास्त खोलीची विहीर ही 'खोल विहीर' धरली आहे आणि शेतीसाठी तिच्यावर बंधनं आहेत. तेही बघावं लागतं.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. किनाऱ्याला गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड. त्या हिशेबानं भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी टिकतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावानं हा नियम शंभरावर वर्षं ओळखला जातो. उपसून पातळी एक मीटरनं कमी केली, तर खालून खारं चाळीस मीटर वर यायची वाट मोकळी होते. भेगांच्या कातळात हा हिशेब नेमका लागू होत नाही, वाळूत जास्त लागतो. पण दिशा तीच. समुद्राजवळ खोल जाणं म्हणजे गोड्या पाण्याकडे नाही, खाऱ्याकडे जाणं.

विहिरीत आम्ही एक साधी गोष्ट केली. बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाशी सोडून बूच ओढलं, तळाचं पाणी आलं. वरच्या पाण्याची ईसी ०.९, तळाची २.४. सलग सहा तास पंप चालवून दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वरची १.४ झाली होती. सिंचनाच्या पाण्याला एफएओच्या मार्गदर्शनात ०.७ पर्यंत अडचण नाही, ०.७ ते ३ जपून, ३ च्या वर कठीण, असं धरतात. म्हणजे विहीर अजून हातची गेलेली नाही, पण आपण तिला कसं उपसतो यावर सगळं आहे.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाला, "मग पंप दोन-दोन तास चालवू. आणि फूटव्हॉल्व्ह वर घे." तेवढ्यावर बोअरचा विषय या वर्षापुरता मिटला. त्या पैशातला थोडा भाग डबक्याजवळच्या चरासाठी आणि छपराचं पाणी विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात सोडण्यासाठी बाजूला ठेवलाय. खालच्या पट्ट्यात नवीन चिकू लावणार नाही, तिथे नारळ चालेल.

सर्वे करून घेणार असाल तर

१. यंत्राच्या कॉइलमधलं अंतर विचारा. एक मीटरच्या यंत्रावरून बोअरची जागा सांगत असेल तर हात जोडा.

२. तारेचं कुंपण, लोखंडी पाइप, पंपाची केबल, विजेची लाइन यांच्यापासून लांबचे आकडे घ्या. रेल्वेच्या तारेजवळच्या वाड्यांनी जास्त जपावं.

३. नकाशासोबत मूळ आकडेही मागून घ्या. रंग बदलता येतात, आकडे ठेवून दिले की पुढे दुसरा कोणी पुन्हा गणित करू शकतो.

४. "किती खोलीपर्यंत भरवसा?" आणि "आकडे किती जुळले?" हे दोन प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर तो नकाशा भिंतीवर लावायला ठीक.

५. जमीन फार खारट असेल आणि कॉइलचं अंतर मोठं असेल तर सोपं सूत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. किनाऱ्यालगत पूर्ण गणित करणारं सॉफ्टवेअर वापरलंय का ते विचारा.

६. प्रत्येक रंगात किमान एक भोक मारा. एकाच रंगाचे दोन ठिपके असतील तर दोन्हीत मारा.

७. एकदा मेमध्ये, एकदा दिवाळीनंतर, त्याच रेषांवर मोजा. चिकणमाती आणि कातळ जागच्या जागी राहतात, खारं पाणी पुढेमागे होतं. दोन नकाशांतला फरक एका नकाशापेक्षा जास्त बोलतो.

आम्ही दुसरी मोजणी दिवाळीनंतर करणार आहोत. आकडे आले की इथेच टाकीन. झाई, घोलवड, चिखले, नरपडकडे कोणाच्या विहिरीचं वरचं आणि तळाचं पाणी वेगवेगळं मोजलेलं असेल तर खोली, महिना आणि पंप किती तास चालतो एवढं लिहून कळवा. बाटली, दगड आणि दोरी सगळ्यांकडे आहे. ईसीचा पेन नसेल तर माझा घेऊन जा, पण परत आणून द्या.